निकालानंतरचे पहिले वर्ष

श्रावण संपत आला की मी वाणिज्य विभागाच्या कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही बाहेर काढते आणि फोन करायला बसते. आदल्या वर्षी पदवीचा निकाल हाती घेऊन आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मला त्या दिवसांत एकच प्रश्न विचारायचा असतो, की सध्या काय चालले आहे. सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या ठिकाणचे आमचे महाविद्यालय लहान आहे, त्यामुळे रोज तास संपल्यावर आठ-दहा फोन केले तर गणपतीची सुटी लागेपर्यंत यादी पूर्ण होते. कुणी लगेच बोलते, कुणी कामावरून परतल्यावर रात्री उलटा फोन करते, आणि काही जण नंबर बदलून गेलेले असतात. त्यांच्यापर्यंत मैत्रिणींच्या, चुलत भावांच्या आणि वाडीतल्या दुकानदारांच्या मार्फत पोहोचावे लागते.

या वहीचा उगम एका सरकारी रकान्यात आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. तिच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची पुढील प्रगती यांविषयीचा होता, आणि त्यात पदवीनंतर किती विद्यार्थी नोकरीला लागले व किती पुढील शिक्षणाकडे वळले याची माहिती पुराव्यासह द्यावी लागे. रोजगार मार्गदर्शन कक्षाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मीही पहिल्या वर्षी पुराव्यासाठीच फोन केले. नोकरी लागली असल्यास नेमणूकपत्राची प्रत पाठव, एवढेच मी सांगत होते. त्यावर एका मुलाने शांतपणे सांगितले, की तो पाच महिने कामावर जात आहे, पण पत्र असे काही त्याला मिळालेलेच नाही आणि ते मागायचे असते हेही त्याला माहीत नव्हते. तो माझ्याच वर्गात तीन वर्षे बसला होता. कंपनी कायद्यात त्याला चांगले गुण होते. त्या दिवशी मी वहीत एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिले : आपण याला काय शिकवायला हवे होते?

गेली काही वर्षे हा रकाना भरता भरता माझे एक मत पक्के झाले आहे. पदवीनंतरच्या आयुष्यासाठी महाविद्यालय मुलांना तयार करते की नाही, हे निकालाच्या टक्केवारीवरून किंवा शेवटच्या वर्षी भरवलेल्या एका रोजगार मेळाव्यावरून ठरत नाही. ते निकालानंतरच्या पहिल्या वर्षावरून ठरते, आणि कोकणात तर हे वर्ष सांभाळण्याची जबाबदारी आता महाविद्यालयाखेरीज दुसऱ्या कुणावर टाकता येण्यासारखी राहिलेली नाही.

असे मी का म्हणते ते सांगते. परीक्षेत आमची मुले मागे नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे मिळून असलेले कोकण विभागीय मंडळ दहावी-बारावीच्या निकालांत राज्यात सातत्याने पहिले येते. २०२५ साली दहावीचा निकाल ९८.८२ टक्के आणि बारावीचा ९६.७४ टक्के लागला होता. आता त्याच दोन जिल्ह्यांची जनगणना पाहावी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीची आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या मात्र कमी झाली. एकट्या सिंधुदुर्गात ती ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया मोजल्या गेल्या, कारण कामाच्या वयातले पुरुष मोजणीच्या वेळी मुंबईत होते. म्हणजे आमच्याकडचा विद्यार्थी उत्तम रीतीने उत्तीर्ण होतो आणि बहुधा गाव सोडतो.

गाव सोडण्याला मी दोष देत नाही. चाकरमान्यांच्या पैशावरच आमच्या आधीच्या पिढ्यांची घरे शाकारली गेली आणि शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु पूर्वी गाव सोडणारा मुलगा एकटा जात नसे. मुंबईच्या गिरणगावात गावकीची, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेली, खोली असे, तिथे अंथरूण टाकायला जागा आणि खानावळीत उधारीवर जेवण मिळे, आणि खात्यात आधीपासून असलेला काका किंवा शेजारचा दादा त्याला बदली कामगार म्हणून गिरणीच्या फाटकापर्यंत नेत असे. पगार कसा मोजून घ्यायचा, मुकादमाशी कसे बोलायचे, आजारी पडल्यास कुणाला कळवायचे, हे सर्व त्याला त्या खोलीत कळत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्या खोल्यांचा आधारही हळूहळू विरत गेला. आता आमचा पदवीधर मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याला किंवा दिव्याला तीन अनोळखी मुलांबरोबर भाड्याने राहतो, आणि त्याला कामावर घेणारी व्यक्ती त्याने अनेकदा प्रत्यक्ष पाहिलेलीही नसते. पूर्वी पहिल्या वर्षाचे शिक्षण गाव देत होते. ते शिक्षण आज कुणीच देत नाही, आणि पदवीचा अभ्यासक्रम ते गृहीत धरून पुढे चालत राहतो.

फोनवर कळलेल्या गोष्टी मी थोडक्यात सांगते, कारण आमच्या पुढच्या सगळ्या कामाला आकार त्यांनीच दिला. एक मुलगी मुंबईतल्या एका कार्यालयात रुजू झाली, तेव्हा तिच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्यात आल्या. आठ महिन्यांनी तिला दुसरीकडे जास्त पगाराचे काम मिळत होते, पण कागद परत मिळेनात म्हणून ती जाऊ शकली नाही. बांदा-सावंतवाडीकडची बरीच मुले कंपनीच्या गाडीने रोज गोव्यात कामाला जातात, आणि मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून तिकडे जाणाऱ्यांत आमचे पदवीधरही आहेत. त्यांतल्या एकाला आपण कंपनीचे कर्मचारी नसून ठेकेदाराचे आहोत हे दिवाळीला बोनस मिळाला नाही तेव्हा समजले. आणखी एकाची शासकीय भरतीतील निवड अडकून पडली, कारण आधारकार्डावर आडनाव एका तऱ्हेने आणि गुणपत्रिकेवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते, आणि आईचे नाव तर तीन कागदांवर तीन प्रकारे होते. एका अतिशय हुशार मुलीला मुलाखतीचा फोन आला होता. पलीकडून हिंदीत आणि मग इंग्रजीत प्रश्न आले, तेव्हा तिने घाबरून फोन ठेवला आणि पुन्हा आलेला उचललाही नाही. ही गोष्ट तिने मला वर्षभराने सांगितली, आणि सांगताना ती रडत होती.

यातली एकही अडचण बुद्धीची नव्हती, आणि एकही अशी नव्हती की जी तीन वर्षांत दूर करता आली नसती.

आम्ही प्रथम एक अगदी साधा बदल केला. कॉलेज सुटल्यावर घेतली जाणारी मार्गदर्शनाची सत्रे बंद करून ती वेळापत्रकातल्या तासाला घ्यायला सुरुवात केली. आमच्याकडची निम्मी मुले एसटीने येतात, आणि ठरावीक गाडी चुकली तर पुढची थेट संध्याकाळची वस्तीची गाडी असते. साहजिकच तीननंतरच्या कार्यक्रमांना बाजारपेठेत राहणारी मुले थांबत आणि आतल्या गावांतली मुले निघून जात. ज्यांना या मार्गदर्शनाची सर्वांत जास्त गरज होती, नेमकी तीच कित्येक वर्षे गैरहजर राहत होती, आणि आम्ही मात्र प्रतिसाद कमी आहे असे अहवालात लिहीत होतो. वेळापत्रकात हा तास बसवण्यासाठी दोन सहकाऱ्यांनी आपले तास पुढे-मागे केले. त्यांचे ऋण मला इथे नोंदवलेच पाहिजे.

या तासाला मी फळ्यावर एक नेमणूकपत्र लिहिते आणि त्याचा हिशेब मुलांकडून करून घेते. पत्रात वर्षाला २ लाख ४० हजार असे लिहिलेले असते, आणि बहुतेकांच्या मनात महिन्याला २० हजार हातात येणार हे पक्के बसलेले असते. मग आम्ही एकेक ओळ वाचतो. मूळ वेतन १२ हजार असेल, तर भविष्य निर्वाह निधीसाठी त्याच्या १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये मालकाने भरायचे असतात, आणि पुष्कळ ठिकाणी तेही या २० हजारांतच धरलेले असतात. तेवढेच १,४४० रुपये कर्मचाऱ्याच्या वाट्याचे कापले जातात. मुलगा असेल तर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर जातो. उरतात १६,९२० रुपये, आणि कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर त्याहूनही थोडे कमी. महाराष्ट्रात २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ आहे, हे सांगितले की मुली लगेच आपापला आकडा दुरुस्त करतात. मग त्या १६,९२० रुपयांतून दिव्याच्या खोलीचे भाडे, लोकलचा पास, डबा, घरी पाठवायचे पैसे आणि गणपतीला गावी येण्याचे तिकीट असा महिन्याचा ताळेबंद प्रत्येकाने मांडायचा असतो. लेखाकर्माचा इतका शांत तास मला वर्षभरात दुसरा मिळत नाही.

त्याच तासात आम्ही इतरही गोष्टी सांगतो. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत, दाखवून परत घ्यायचे आणि साक्षांकित प्रत द्यायची. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक एकदा मिळाला की नोकरी बदलली तरी तोच चालवायचा. नेमणूकपत्र मागण्यात उद्धटपणा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला ते देणे बंधनकारक केले आहे. आणि पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच जन्मदाखला, आधारकार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला समोरासमोर ठेवून नावातला फरक शोधायचा, म्हणजे दुरुस्तीसाठी हातात तीन वर्षे राहतात. हे शेवटचे काम आता आमच्या कार्यालयातले लिपिकच प्रवेशाच्या खिडकीवर करतात. माझ्या मते आमच्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांसाठी केलेल्या मोठ्या कामांत याची गणना व्हायला हवी, जरी कोणत्याही अहवालात त्याला रकाना नसला तरी.

फोनवर बोलण्याच्या भीतीचा उपाय अधिक वेळ घेणारा आहे. आम्ही मुलांना एकमेकांना फोन लावायला लावतो, एक वर्गात आणि दुसरा ग्रंथालयाच्या मागे, आणि मुलाखत हिंदीत किंवा इंग्रजीत घ्यायला सांगतो. ‘मला आपला प्रश्न नीट समजला नाही, कृपया पुन्हा विचाराल का’ हे वाक्य तिन्ही भाषांत न अडखळता म्हणता येणे, एवढेच आमचे पहिले ध्येय असते. मालवणीत अखंड आणि नेमके बोलणारी ही मुले प्रमाण मराठीतसुद्धा आरंभी अवघडतात, मग इंग्रजी तर दूरच राहिली. त्यांच्या घरच्या बोलीला वर्गात हसू न देणे, ती कमी दर्जाची आहे असा भाव शिक्षकाच्या चेहऱ्यावरही येऊ न देणे, ही या सगळ्याची पहिली पायरी आहे असे मला वाटते. कारण आपल्या बोलीची लाज वाटणारा मुलगा दुसऱ्याच्या भाषेत धीटपणे बोलू शकत नाही.

वर्गाबाहेरच्या शिक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पालकांना ते वेळेचा अपव्यय वाटते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर करावे लागते. आमचे शिबिर दर वर्षी एखाद्या आतल्या वाडीत होते. पाऊस संपल्यावर वहाळाला पाणी असते तोवर मुले सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घालतात, आणि डोळ्यांदेखत पाणी साठलेले पाहतात. पण माझ्या दृष्टीने खरे शिक्षण बंधाऱ्याच्या आधी सुरू होते. सरपंचांना भेटून जागा ठरवणे, शाळेच्या खोल्यांसाठी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिणे, पन्नास माणसांचा सात दिवसांचा शिधा काढणे आणि शेवटच्या दिवशी एकेका पावतीसह हिशेब जुळवणे, ही सर्व कामे विद्यार्थी प्रतिनिधीच करतात. एका वर्षी तांदूळ चौथ्या दिवशीच संपत आला. कोठीची जबाबदारी असलेल्या मुलीने न घाबरता गावातल्या दोन घरांशी बोलून रात्रीपुरता तांदूळ उसना घेतला, दुसऱ्या दिवशी वाण्याशी दर ठरवला आणि मग मला सांगायला आली. तीच मुलगी पुढे एका वित्तसंस्थेच्या मुलाखतीला गेली. अडचणीच्या वेळी तुम्ही काय केले होते, या प्रश्नाला इतर उमेदवारांनी पाठ केलेली उत्तरे दिली असतील. तिच्याकडे सांगण्यासारखे घडलेले काहीतरी होते, आणि तिने ते जसेच्या तसे सांगितले.

मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाचा अन्नपूर्णा योजना हा प्रकल्पही मला असाच मोलाचा वाटतो. मुलांनी खाद्यपदार्थ तयार करून महाविद्यालयात विकायचे आणि व्यवसायाचा अनुभव घ्यायचा, असा तो प्रकल्प आहे. नेमून दिलेले तास पूर्ण केल्यास दहा वाढीव गुण मिळतात म्हणून मुले येतात, हे खरे आहे. आमच्या मुलींनी पहिल्या वर्षी घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ विकली, सगळे संपले आणि त्या आनंदाने भरपूर नफा झाल्याचे सांगत आल्या. आम्ही कागदावर बसलो. तांदूळ, नारळ आणि वाटाणे धरले होते, पण गॅस धरला नव्हता, भरडाई धरली नव्हती, घरून आणलेल्या भांड्यांची झीज धरली नव्हती, आणि पहाटे चारपासून राबलेल्या दोघी मुलींच्या आयांची मजुरी तर कुणाच्या मनातही आली नव्हती. सगळे धरल्यावर प्रत्येक बशीमागे त्या तोट्यात होत्या. परिव्यय पत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार हिशेब, मी कित्येक वर्षे फळ्यावर मांडत आले आहे. त्यातला श्रमाचा रकाना त्या मुलींना त्या दुपारी जसा कळला तसा मला फळ्यावरून कधीच शिकवता आला नसता. दुसऱ्या वर्षी त्यांनी बशीचा दर वाढवला आणि आयांना पैसे दिले.

राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि त्यात तिसऱ्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगसाठी चार श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर हे १२० तासांचे प्रत्यक्ष काम झाले. मला या तरतुदीचा मनापासून आनंद आहे, आणि तितकीच काळजीही आहे. शहरातल्या महाविद्यालयाच्या आसपास कंपन्या असतात. आमच्याकडे पतपेढी, कर सल्लागाराचे कार्यालय, काजू कारखाना, आंबा-कोकम प्रक्रियेचे लहान उद्योग, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची निवास-न्याहारीची घरे, पंचायत समिती आणि एखादे रुग्णालय एवढाच पसारा आहे. या सक्तीच्या कितीतरी आधीपासून आम्ही उन्हाळी सुटीत मुलांना इथेच पाठवत आलो. सुरुवातीला काही ठिकाणी मुलांना झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला वापरले गेले. तेव्हा मी स्वतः जाऊन मालकांशी बोलू लागले, आणि प्रत्येक मुलाने शिकायच्या पाच गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घेऊ लागले. पतपेढीत गेलेल्या मुलाने कर्ज प्रकरणाची छाननी, जामीनदाराचे कागद आणि थकबाकीची नोटीस या तीन गोष्टी तरी हाताळल्या पाहिजेत, असा आमचा आग्रह असतो. एवढे केले तरच तासांना अर्थ राहतो. नाहीतर शिक्का मारलेले प्रमाणपत्र तेवढे मिळते.

याला जोडूनच शिकाऊ उमेदवारीविषयी (अप्रेंटिसशिप) सांगते, कारण आमच्या पालकांना ती केवळ आयटीआयच्या मुलांसाठी असते असे वाटते. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, आणि आज कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही त्याखाली घेता येते; पदवीधरासाठी महिना किमान ९ हजार रुपये विद्यावेतन २०१९ मध्ये ठरवण्यात आले होते. नोंदणी संकेतस्थळावर करायची असते आणि ती तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपताच संगणक कक्षात बसून करता येते. हे काम आता आम्ही निरोप समारंभाच्या आदल्या आठवड्यात उरकतो.

स्पर्धा परीक्षांबद्दल मी फार लिहिणार नाही, पण एक गोष्ट टाळता येत नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर १६०० मीटर धावणारी आणि दुपारी अभ्यासिकेत बसणारी आमची मुले मला फार प्रिय आहेत. त्यांतली काही वर्दी घालून भेटायला येतात, तेव्हा ऊर भरून येतो. परंतु वहीत अशीही नावे आहेत, ज्यांच्यापुढे चार-चार वर्षे ‘तयारी चालू’ एवढेच लिहिलेले आहे आणि ज्यांचा आवाज दर वर्षी थोडा अधिक मंदावत गेला आहे. म्हणून अभ्यासिका आम्ही माजी विद्यार्थ्यांसाठीही उघडी ठेवतो, मात्र जागा देताना दुसरी वाट कोणती आणि ती किती प्रयत्नांनंतर धरणार, हे त्यांच्याकडून लिहून घेतो. कुणाचे स्वप्न मोडण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. पण त्या स्वप्नाला तारीख घालायला शिकवणे हे मात्र शिक्षकाचे काम आहे, असे मला वाटते.

प्रवेशाच्या वेळी एक शेतकरी गृहस्थ दोन्ही हात जोडून मला विचारत होते, “मॅडम, चेडवाक नोकरी गावतली मां?” म्हणजे मुलीला नोकरी मिळेल ना? त्यांच्या मालकीची काजूची चारशे झाडे होती आणि बी ते कच्चीच व्यापाऱ्याला घालत होते. त्या मुलीने आमच्याकडे असताना काजू कारखान्यात सुटीतले काम केले. कच्च्या बीचा भाव आणि प्रतवारी केलेल्या गराचा भाव यांतला फरक तिने स्वतः मांडून पाहिला आणि पदवीनंतर गावातच लहान प्रक्रिया युनिट टाकायचे ठरवले. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अनुदान मिळत होते. त्यासाठीचा प्रकल्प अहवाल तिने आणि मी मिळून चार रविवार बसून तयार केला. बँकेने दोनदा कागद परत केले, तिसऱ्यांदा कर्ज मंजूर झाले. राहणाऱ्या मुलांची तयारी ही जाणाऱ्या मुलांच्या तयारीपेक्षा वेगळी नसते; तोच अर्ज, तोच हिशेब, अनोळखी माणसासमोर बसून आपले म्हणणे मांडण्याची तीच हिंमत त्यांनाही लागते. पण महाविद्यालयाने आपल्या भिंतीवर फक्त मुंबई-पुण्याला लागलेल्यांची छायाचित्रे लावली, तर गावात राहणे म्हणजे मागे राहणे असाच धडा मुले घेतात. त्या मुलीचे छायाचित्र आता आमच्या फलकावर आहे.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आम्ही डिसेंबरमधून गणपतीत आणला, हा आमच्या प्राचार्यांचा निर्णय होता आणि तो अचूक ठरला. एरवी कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेस पकडून केवळ मेळाव्यासाठी कोण येणार? गणपतीला मात्र सगळे येतातच. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर आणि परतीची गाडी पकडण्याआधी जी एक मोकळी सकाळ मिळते, त्या सकाळी आम्ही तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आणि पाच वर्षांच्या आत पदवी घेतलेल्यांना एका वर्गात बसवतो. भाषणे नसतात. कुणाच्या खोलीत जागा आहे, कुठल्या कार्यालयात भरती होणार आहे, कुठे जाऊ नये, एवढेच बोलणे होते आणि नंबर लिहून घेतले जातात. गिरणगावातल्या त्या खोलीची मला त्या सकाळी फार आठवण येते, जरी ती मी स्वतः पाहिलेली नसून फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलेली आहे.

यंदाची यादी मी परवा सुरू केली आहे. पहिल्या पानावरचे सगळे फोन लागले, दोघींनी नेमणूकपत्राच्या प्रती न मागता पाठवल्या. एका मुलाचा नंबर मात्र गेले तीन महिने बंद आहे, त्याच्या मित्रांनाही तो कुठे आहे हे माहीत नाही, आणि घरचा पत्ता दाखल्यावर आहे तेवढाच. त्याची वाडी इथून एसटीने सव्वा तासावर आहे आणि रविवारी सकाळी आठची गाडी थेट जाते. त्या गाडीने मी जाणार आहे.